खळ, कवच आणि मे महिन्याचे ऊन

सांगोल्याच्या बाजूला घोंगडी विणणाऱ्यांच्या घरी अजूनही चिंचोक्याची खळ करतात. चिंचोके भाजून त्यांचे तपकिरी टरफल काढायचे, आतला पांढरट गर भिजत घालून वाटायचा आणि पाण्यात शिजवत ठेवायचा. काही वेळाने भांड्यात जो दाट, चिकट, मळकट पांढरा पदार्थ तयार होतो, तो कुंच्याने लोकरीच्या ताणलेल्या धाग्यांवर फिरवला की धागा ताठ होतो, बाहेर आलेले तंतू खाली बसतात आणि मागावर तो सहसा तुटत नाही. खळ जमली की नाही, हे कारागीर तिचा एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन, बोटे हळूच दूर करून, मधली तार किती लांब येते यावरून ठरवतो. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्यांतला मोठा काळ याच तारेच्या मागे गेला असे म्हटले तरी चालेल, कारण चिंचोक्यातला हा चिकट पदार्थ शुद्ध करून डोळ्यांच्या कोरडेपणावरील थेंबांत घालतात, औषध सावकाश सुटावे म्हणून गोळीत घालतात आणि उपयुक्त जिवाणूंभोवती त्याचे कवच करता येईल का, यावरही प्रयोग चालू असतात.

या पदार्थाला झायलोग्लुकन म्हणतात. थोड्या प्रकारच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी म्हणजे पॉलिमर; मराठीत बहुवारिक असा शब्द आहे, पण प्रयोगशाळेत तो कोणाच्या तोंडी ऐकला नाही. झाडाचा डिंक, फळांच्या सालीतले पेक्टिन, सागरी शेवाळातले अल्जिनेट, कोळंबीच्या कवचापासून होणारे कायटोसॅन, हाडा-कातड्यांतून निघणारे जिलेटिन, उसाच्या चिपाडातले सेल्युलोज ही सगळी नैसर्गिक पॉलिमरची उदाहरणे आहेत, आणि यांतली निदान तीन सोलापूर जिल्ह्यात ढिगाने पडून असतात. चिंचोके चिंच फोडणाऱ्या बायकांच्या पायाशी साठतात, डाळिंबाची साल रस काढणाऱ्यांच्या दारात सडते आणि चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळते. त्यामुळे दरवर्षी एखाद्या परिसंवादात किंवा उद्घाटनाच्या भाषणात ‘आपल्या जिल्ह्यातील नैसर्गिक कच्च्या मालापासून आधुनिक औषधे’ हे वाक्य ऐकायला मिळते, टाळ्या पडतात आणि वर्ष सरते. हे वाक्य खोटे नाही, पण त्यात ‘नैसर्गिक’ या शब्दावर जेवढा भर असतो तेवढा ‘टिकेल का’ या प्रश्नावर नसतो, अशी माझी तक्रार आहे. सार्वजनिक पैसा या विषयावर खर्च व्हावा असे मला ठामपणे वाटते. तो नव्या नव्या कवचांच्या शोधनिबंधांवर कमी आणि आहे त्या कवचांना सोलापूरच्या उन्हात, सोलापूरच्या दुकानाच्या फळीवर तपासण्यावर जास्त व्हावा, असे या लेखात मांडायचे आहे.

गोळीतले औषध म्हणजे पत्र आणि बाकीचे सगळे पाकीट, अशी आपली समजूत असते. पाच मिलिग्रॅम औषधाची गोळी शंभर मिलिग्रॅमची असू शकते आणि उरलेल्या पंचाण्णव मिलिग्रॅमबद्दल रोगी विचारत नाही, डॉक्टरही क्वचितच विचारतात. पण औषध तोंडातून आत गेल्यावर त्याचे काय होणार, हे पुष्कळ अंशी हे पाकीटच ठरवते. रिकाम्या जठरातला रस इतका आम्ल असतो की त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (तो जितका कमी तितके आम्ल तीव्र), साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो, लहान आतड्यात तो ६ च्या पुढे जातो, वाटेत पित्तातले क्षार भेटतात आणि मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते. काही औषधे जठरातच नासतात, काही जठराला इजा करतात, तर काहींचे काम मुळात मोठ्या आतड्यातच असते. जिवंत जिवाणू द्यायचे असतील तर त्यांना ही सगळी वाट जिवंतपणे चालून जावी लागते.

अल्जिनेटचा प्रयोग मी विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात करून दाखवत असे, कारण त्यात तत्त्व डोळ्यांना दिसते. तपकिरी सागरी शेवाळातून निघणारा हा पदार्थ १८८१ साली स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञाने प्रथम नोंदवला. सोडियम अल्जिनेटचे पाण्यात दाट द्रावण करायचे, त्यात जिवाणू किंवा औषध मिसळायचे, ते इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरायचे आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात एकेक थेंब सोडायचा. थेंब पाण्यात पडताक्षणी विरघळत नाही. तो गोल राहतो, बघता बघता त्याच्यावर साय धरावी तशी त्वचा धरते आणि थोड्या वेळाने चिमट्याने उचलावा तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मणी हाती येतो. आत घडते ते असे: कॅल्शियमचा एकेक कण शेजारच्या दोन साखळ्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवतो आणि मोकळ्या साखळ्यांचे जाळे होते. जठराच्या आम्लात हा मणी आक्रसतो, आतड्यातल्या उदासीन वातावरणात फुगतो, कॅल्शियम सुटते आणि मणी विरघळून आतला ऐवज मोकळा होतो. यात उष्णता लागत नाही, विषारी द्रावक लागत नाही, म्हणून जिवाणूंसाठी ही रीत सोयीची.

मुलांना हा प्रयोग इतका आवडतो की मणी झाले म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. खरी अडचण पुढे असते. त्या जाळ्याला छिद्रे असतात आणि आम्ल त्यांतून आत झिरपते. मणी जितका लहान तितके आम्ल मध्यापर्यंत लवकर पोचते, आणि मणी मोठा करावा तर तो दातांखाली वाळूसारखा लागतो आणि दह्यात किंवा सरबतात कोणाला चालत नाही. मग मण्यावर कायटोसॅनचा दुसरा थर द्यावा लागतो. ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून येते, आणि आषाढी एकादशीला कॅप्सूल चालते का असे विचारणारे गिऱ्हाईक पंढरपूरच्या जिल्ह्यात नवल नसल्यामुळे, हा केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न उरत नाही. जिलेटिनच्या कॅप्सूलबाबतही तोच प्रश्न आहे आणि त्यावर सेल्युलोजपासून केलेल्या शाकाहारी कॅप्सूलचे उत्तर बाजाराने शोधलेही आहे. ते सेल्युलोज मात्र रासायनिक प्रक्रियेने बदललेले असते, तेव्हा त्याला किती नैसर्गिक म्हणायचे हे ज्याने त्याने ठरवावे.

मोठ्या आतड्यात औषध पोचवण्याची युक्ती मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. पेक्टिन, गवारीचा डिंक, चिंचोक्यातले झायलोग्लुकन यांचे तुकडे करणारी पाचकद्रव्ये माणसाच्या शरीरात नाहीत. ती आहेत आपल्या आतड्यातल्या जिवाणूंकडे. बॅक्टेरॉइड्स ओव्हॅटस नावाचा जिवाणू झायलोग्लुकनची साखळी कशी तोडतो आणि त्यासाठी लागणारी जनुके त्याच्याकडे एका रांगेत कशी बसवलेली आहेत, हे २०१४ साली उलगडले. म्हणजे औषध अशा कवचात ठेवावे की जठर आणि लहान आतडे त्याला हात लावू शकणार नाहीत आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले रहिवासीच ते फोडतील. या युक्तीची एक जुनी बहीण आपल्या औषधांत फार पूर्वीपासून आहे: आतड्याच्या दाहावर दिले जाणारे सल्फासलाझिन १९४० च्या सुमारास स्वीडनमध्ये आले, आणि त्याच्या रेणूच्या दोन भागांना सांधणारा जोड मोठ्या आतड्यातले जिवाणूच तोडतात.

इथवर औषधाची गोष्ट झाली. जिवाणूंची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पाकिटातले पत्र जिवंत असते. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत: जीव जिवंत असला पाहिजे, पुरेशा संख्येने दिला गेला पाहिजे आणि त्याने आरोग्याला लाभ झाला पाहिजे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दिवसाच्या मात्रेत निदान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत असे आहे, आणि २०११ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी हा आकडा उत्पादनाच्या दिवसाचा न देता मुदत संपते त्या दिवसाचा द्यावा असे सुचवलेले आहे. सूचना चांगली आहे. पण मुदत संपेपर्यंतचे ते दीड-दोन वर्ष कुठे काढलेले असावे, हा प्रश्न तिच्यात येत नाही.

औषधांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या भारतासाठी सामान्यतः ३० अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रतेला केल्या जातात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि तोही सावलीतला पारा. पत्र्याच्या छपराखालचे गोदाम, दुपारी दोन वाजता बस स्थानकाबाहेर उतरवलेले खोके, उन्हात उभ्या टेम्पोची मागची बाजू यांचे तापमान कोणी नोंदवत नाही. एकदा मे महिन्यात एका ओळखीच्या औषध दुकानात बसलो असताना प्रोबायोटिक पाकिटांचे खोके आले, ते हाताला गरम लागत होते. त्यावर ‘२५ अंशांखाली ठेवा’ असे छापलेले होते. दुकानदाराने ते वाचले, माझ्याकडे पाहून हसला आणि पाकिटे फ्रीजमध्ये ठेवली. त्याने काहीही चुकीचे केले नाही. फ्रीजमध्ये गेली ती पाकिटे कुठल्या अवस्थेत होती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, मलाही नव्हता आणि जुलाबाने बेजार लेकराला घेऊन संध्याकाळी येणाऱ्या आईला तर नव्हताच.

लॅक्टोबॅसिलस वर्गातला जिवाणू उष्णतेने मरतो, पण उष्णतेबरोबर ओल असेल तर फार लवकर मरतो. म्हणून जिवाणू गोठवून, निर्वातात त्यांतले पाणी काढून घेऊन त्यांची भुकटी करतात. आपल्या कडक भाकरीत हेच तत्त्व आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, पार वाळवली की ती कित्येक आठवडे राहते, आणि त्याच पिठाची मऊ भाकरी दुसऱ्या दिवशी बुरसटते. दोन्हींतला फरक पाण्याचा. मात्र कडक भाकरीचे पाकीट पावसाळ्यात उघडे राहिले तर ती हवेतली ओल ओढून वातड होते, तसेच जिवाणूंच्या भुकटीचेही होते, आणि कवचाचा पॉलिमर स्वतःच पाणी शोषणारा असेल तर तो रक्षण करण्याऐवजी ओल आत घेऊन येतो. बहुतेक नैसर्गिक डिंक पाणी शोषणारेच असतात. जठरात उपयोगी पडणारा गुण फळीवर घातक ठरतो, ही या विषयातली मूळ अडचण आहे आणि प्रकल्प अहवालांत तिला एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

इथे न्याय म्हणून सांगितले पाहिजे की सगळे जिवाणू इतके नाजूक नसतात. बॅसिलस क्लॉसाय बीजाणूंच्या रूपात दिला जातो; बीजाणूला निसर्गानेच जाड कवच दिलेले आहे, त्याला उन्हाची आणि आम्लाची फारशी पर्वा नसते. त्यामुळे ‘प्रोबायोटिक’ हा एकच शब्द वापरून सगळ्यांना एकाच फळीवर मांडणे मुळातच चूक आहे. आणि जिवाणूंचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्नही जिवाणूगणिक आणि आजारागणिक वेगळा विचारावा लागतो. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारमचा एक विशिष्ट वाण आणि त्याचे खाद्य असलेली एक शर्करा आठवडाभर तोंडाने दिली गेली; ज्यांना ती दिली नव्हती त्यांच्यात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्के होते, ज्यांना दिली त्यांच्यात ते ५.४ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष त्या वाणाचा, त्या मात्रेचा आणि त्या बाळांचा आहे. तो दाखवून दुसऱ्याच जिवाणूचे पाकीट विकणे ही लबाडी आहे. पण आपल्यासारख्याच देशात, आपल्यासारख्याच खेड्यांत, स्वस्त उपायाने एवढा फरक पडू शकतो हे त्यातून दिसते, आणि म्हणूनच पोचेपर्यंत जिवाणू जिवंत राहतो की नाही हा प्रश्न चैनीचा नाही.

‘घरचे ताक प्यावे, आंबील प्यावी, पाकिटे कशाला’ असे अनेकजण म्हणतात, आणि मीही उन्हाळ्यात आंबील पितो. पण ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवल्यावर आपण ते शिजवतो. आंबवताना वाढलेले जिवाणू शिजवताना मरतात आणि आंबिलीत जे जिवंत उरतात ते बहुतांशी वरून घातलेल्या ताकाचे. आंबील उत्तम अन्न आहे, पचायला हलके आहे, पण तिला औषध म्हणणे हा तिच्यावरही अन्याय आहे. शिवाय दह्यातले नेहमीचे जिवाणू जठर ओलांडून आतड्यात मुक्काम करतातच असे नाही. रोजचे अन्न आणि नेमक्या आजारासाठी नेमक्या संख्येने दिलेला नेमका जीव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर दोन्हींचा मान राहतो.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली आणि महाराष्ट्राला पहिल्यांदा कळले की इतका साधा, इतका रोजचा पदार्थ जीव घेऊ शकतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गाम्बियातल्या बालमृत्यूंच्या संदर्भात भारतात बनलेल्या सिरपांबद्दल इशारा दिला, तेव्हाही त्यांत हेच विष सापडले होते. ग्लिसरीन निसर्गातल्या तेला-चरबीतूनही मिळते. ते कुठून आले यापेक्षा पिंपात काय आहे हे कोणी तपासले, याला महत्त्व होते आणि दोन्ही वेळा ते पुरेसे तपासले गेले नव्हते. कवच म्हणून वापरायचा डिंक तर ग्लिसरीनपेक्षा फार गुंतागुंतीचा. झाडाचे वय, तोडणीचा हंगाम, साठवणीतली कीड, भाजताना लागलेली आच, यांतल्या प्रत्येकाने त्याची साखळी लहान-मोठी होते. एका वर्षी आमच्या प्रयोगशाळेत चिंचोक्याच्या पिठापासून केलेल्या गोळ्या औषध अगदी हवे तसे सावकाश सोडत होत्या. पुढच्या वर्षी त्याच कृतीने, त्याच मापाने, दुसऱ्या व्यापाऱ्याकडच्या चिंचोक्यांपासून केलेले द्रावण इतके पातळ झाले की मुलांना वाटले मोजण्यात चूक झाली. चूक मोजण्यात नव्हती. ते चिंचोके बहुधा जास्त भाजले गेले होते. घोंगडी विणणाऱ्याने बोटांत तार धरून ती खळ टाकून दिली असती. आम्ही अहवालात ‘नैसर्गिक बदलशीलता’ असा शब्द लिहून पुढे गेलो. त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

डाळिंबाच्या सालीचे उदाहरण याहून बोलके आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे केगावला आहे, आणि सालीतून पेक्टिन काढता येते हे खरे आहे. पण त्याच सालीत टॅनिन भरपूर असतात. साल चावून पाहिली तर जीभ आक्रसते, ते यामुळेच. ही द्रव्ये अनेक जिवाणूंना मारक आहेत. ती नीट धुऊन काढली नाहीत तर ज्या सालीचे घर बांधले तीच आतल्या भाडेकरूचा गळा धरणार. दुसरे म्हणजे तेल्या रोगाच्या धास्तीने डाळिंबावर ज्या फवारण्या होतात त्यांचे अंश प्रथम सालीवर बसतात. दाणे खाऊन साल फेकून देणाऱ्याला त्याचे फारसे काही नसते. सालीचे औषधी कवच करणाऱ्याला मात्र प्रत्येक खेपेची अंशतपासणी करावी लागेल, आणि तिचा खर्च सालीच्या किमतीच्या कितीतरी पट असेल.

शेतकऱ्याला यातून भाव मिळेल, हे आश्वासन तर कोणी देऊच नये. एका कॅप्सूलला कवच लागते ते मिलिग्रॅममध्ये. जगातल्या सगळ्या कॅप्सूल चिंचोक्यांनी मढवायच्या ठरवल्या तरी बार्शीच्या बाजारात चिंचेचा दर त्याने हलेल असे मला वाटत नाही. कापडाच्या आणि तागाच्या गिरण्यांसाठी चिंचोक्याच्या पिठाची खळ हा फार मोठा बाजार होता आणि आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत यावर काम झाले ते त्याच गरजेतून. औषधाचा धंदा टनांवर चालत नाही, तो भरवशावर चालतो, आणि तो भरवसा तपासणीतून तयार होतो. ज्या जिल्ह्यात चिंचोळी औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी रसायनांचे आणि औषधांच्या मूळ द्रव्यांचे कारखाने आहेत, जिथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे आणि दर वर्षी पदवी घेऊन पुण्याची गाडी पकडणारी मुले आहेत, तिथे हा भरवसा तयार करण्याचे सामर्थ्य आहे. नाही ती सवय.

म्हणून सार्वजनिक पैशाबद्दल माझी मागणी रुक्ष आहे. जिल्ह्यात एक सामाईक तपासणी केंद्र असावे, जिथे डिंकाची आणि पिठाची प्रत्येक खेप चिकटपणा, ओल, जंतुभार, जड धातू आणि कीटकनाशकांचे अंश यांसाठी तपासता येईल आणि निकाल, विशेषतः नापास झालेल्या खेपांचे निकाल, सर्वांना पाहता येतील. तिथे एक कपाट असे असावे की ज्याचे तापमान सोलापूरच्या मे महिन्यासारखे दुपारी चढते आणि पहाटे उतरते, कारण एकाच स्थिर तापमानाला टिकलेले कवच रोजच्या चढ-उताराला टिकेलच असे नाही. आकुंचन-प्रसरणाने त्याला तडे जातात. आणि अन्न व औषध प्रशासनाने प्रोबायोटिकचे नमुने कारखान्याच्या दारात घेण्याबरोबरच उन्हाळ्याच्या अखेरीस तालुक्याच्या गावातल्या दुकानांतूनही घ्यावेत. काही उत्पादने औषध म्हणून आणि काही अन्नपूरक म्हणून विकली जातात, त्यामुळे नियमांचे दोन वेगळे डोलारे आहेत; आईला मात्र दुकानात दोन्ही एकाच फळीवर दिसतात, म्हणून मोजणी दोन्हींची सारखीच व्हावी.

यावर मोठा आक्षेप असा येईल की हे काम कंपन्यांचे आहे, लोकांच्या पैशातून का करायचे. कंपनी तिच्या स्वतःच्या कवचाची तपासणी करील आणि ती गुपित ठेवील. त्यात गैर काही नाही. पण चिंचोका कोणाच्या मालकीचा नाही आणि ज्या पदार्थाचे पेटंट घेता येत नाही त्याच्या कंटाळवाण्या, वर्षानुवर्षांच्या तपासणीवर खासगी पैसा सहसा लागत नाही. रस्ता सार्वजनिक असतो, त्यावरून धावणाऱ्या गाड्या खासगी असतात, तसे हे आहे. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: औषधात चूक झाली तर ती लेकराच्या अंगावर बेतते, मग असा भरवसा शिकायचा कुठे?

याचे उत्तर शेतात आहे. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या संवर्धकाची, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या बियाण्याला लावायची पाकिटे आपल्याकडे वर्षानुवर्षे मिळतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून आणि खासगी उत्पादकांकडूनही. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत चोळून, सावलीतच वाळवून लगेच पेरायचे, ही रीत प्रत्येक कृषी सहायक सांगतो. त्या पाकिटातही जिवंत जिवाणूच असतात, तेही मे महिन्यात कृषी सेवा केंद्राच्या फळीवर तापत पडलेले असतात, आणि पेरणीनंतर पाऊस आठ दिवस लांबला तर कोरड्या तापलेल्या मातीत त्यांतले किती उरतात याची काळजी कोणी करत नाही. इथे गुळाच्या पाण्याऐवजी चिंचोक्याची खळ, धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक, अल्जिनेटचे बारीक मणी अशी कवचे ओळीने लावून पाहता येतील. प्रयोग फसला तर एका ओळीचे पीक हलके येईल, कोणाचे बाळ आजारी पडणार नाही. खेपेखेपेतला फरक, ओल, ऊन, साठवण, या सगळ्यांचा धडा इथे स्वस्तात मिळेल आणि डिंक प्रतवारीने देणारे पुरवठादारही याच कामातून तयार होतील. मग त्या अनुभवाच्या जोरावर औषधाकडे वळता येईल, आणि वळताना औषधाच्या चाचण्यांची सगळी पायरी चढावीच लागेल, तिला शेतातला अनुभव पर्याय होणार नाही.

या प्रयोगाचा निकाल वाचायला यंत्रही लागत नाही. तूर उगवून सहा-सात आठवडे झाले की प्रत्येक ओळीतली चार-पाच रोपे मुळांना धक्का न लावता, भोवतालच्या मातीसकट खुरप्याने उकरून काढायची, मुळे बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवायची आणि त्यांवरच्या गाठी मोजायच्या. मग एकेक गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी दिसले तर गाठीतला जिवाणू जिवंत आहे आणि कामाला लागला आहे. पांढरे किंवा हिरवट दिसले तर नाही.